पार्बताबाईचा फोन

अमरावतीत आमच्या गल्लीत पहिला फोन आला तो एकसष्ट साली, संत्र्यांचे व्यापारी वामनराव यांच्या घरी. घंटी वाजली की फोन त्यांनीच उचलायचा, असा कायदा. बायकोनं हात लावला असता तर जणू तारच तुटणार होती!

दर आठ-पंधरा दिवसांनी अकोल्याहून ट्रंक कॉल येई. एक्सचेंजमधली बाई विचारी, "पार्बताबाई आहेत का?" वामनराव खेकसत, "इथं कोनी पार्बताबाई नाही! कितीदा सांगू?" आणि स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोचा, माणिकबाईंचा चेहरा फुले.

त्यांच्या इंदूनं अकोल्यातल्या परजातीच्या मास्तराशी लग्न केलं होतं. तिचं नाव घरात घ्यायचं नाही, हा वामनरावांचा हुकूम. पत्रंही तेच फोडत. माझं माहेर अकोल्याचं, म्हणून मायलेकींचा निरोप माझ्याच मार्फत ठरला: नसलेल्या बाईच्या नावानं कॉल लावायचा. माणूस घरी नसला की कॉलचा पुरता आकार पडत नसे, तेव्हा पुष्कळ लोक असंच करत. बाप ओरडला की आईनं समजायचं, लेक खुशाल आहे. गंमत म्हणजे लेकीची खुशाली वामनराव स्वतःच घरभर ओरडून सांगत होते. आम्ही दोघी पदराआड हसायचो.

इंदूला दिवस गेले. मुलगा झाला तर गोवर्धन, मुलगी झाली तर सुंदराबाई, अशी नावंही ठरली. माणिकबाई कान लावून बसू लागल्या.

आणि नेमके तेव्हाच वामनराव वैतागले. एक्सचेंजमध्ये ओळखीचा ओमप्रकाश होता, त्याला जाऊन म्हणाले, "अकोल्याचा एकबी फोन माह्या घरी जोडू नोका. डोकं पिकवलं बे या पार्बताबाईनं!" घरी येऊन बायकोला चकार शब्द सांगितला नाही. बायकांना काय सांगायचं असतं?

फोन गप्प झाला. महिना गेला. माणिकबाईंचं जेवण तुटलं. मला त्यांच्याकडे बघवत नसे. शेवटी एकदा जेवायला वाढताना त्यांचा धीर सुटला.

"अकोल्याचा फोन काहून येत नाही?"

"म्याच बंद केला. तुले काय करा लागते?"

"आपली इंदू होय थे," माणिकबाई म्हणाल्या. "बाळंतपनाचे दिवस होते तिचे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण वामनराव भरल्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं अकोल्याला गेलो, घर मलाच माहीत होतं ना. माणिकबाईंच्या पिशवीत डिंकाचे लाडू होते आणि मी शिवलेली दोन झबली.

इंदूनं दार उघडलं. घरात पाळणा नव्हता. ती आईच्या गळ्यात पडली, ते रडणं मी अजून विसरले नाही. मग तिनं डोळे पुसले आणि बापाकडे पाहिलं.

"बाबा, लेकरू दोनच दिवस जगलं. मले आई पाहिजे होती. यायनं पोस्टातून फोन लावला, तवा पार्बताबाईचं नाव नाही घेतलं. सरळ माणिकबाईले बलवा म्हटलं. तिकडून सांगतलं, त्या घरी अकोल्याचा फोन जोडत नाही."

वामनरावांना पाय धुवायचंही सुचेना. उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "मले माहीत नोतं, पोरी."

"माहीत व्हावं म्हनूनच तं लावला होता," इंदू म्हणाली.