बासष्ट नंबर

"आत या म्हणणार नाही, कोच. काय ते इथंच बोला," ट्वायला जाळीच्या दाराआडून म्हणाली.

कोच लॅसिटर पायरीवर उभा होता. चर्चमधून तसाच आला होता. अंगात कोट, एका हातात हॅट, दुसऱ्या हातात घडी घातलेली हिरवी जर्सी. मी आत स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. दर रविवारी मी भावजयीकडेच जेवायला असते. माझा भाऊ हार्लन तिला सोडून तेलाच्या विहिरींवर गेला, तिकडेच दुसरी बाई करून राहिला; पण म्हणून मी काही ट्वायलाला सोडलं नाही. शाळेच्या भटारखान्यात आम्ही दोघी बावीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या आहोत.

"ट्वायला, पोरांनी ठरवलंय," कोच म्हणाला. "शनिवारी प्रत्येकाच्या हेल्मेटवर लायलचा बासष्ट नंबर लागणार. आणि नाणेफेकीच्या वेळी तू मैदानाच्या मध्यभागी यायचंस. लायलची जर्सी घेऊन. हा सगळा सीझनच लायलसाठी आहे बघ."

"पोरांनी ठरवलंय?"

"हो तर."

"लायल गेला तेव्हा ही पोरं लंगोटात होती, कोच. त्यांना लायल कोण, हे सांगितलं कुणी?"

कोच म्हणाला, "मीच सांगितलं. दुसऱ्या मॅचच्या आधी. एकाचाही डोळा कोरडा राहिला नाही."

"सांगितलंत काय, ते विचारते मी."

"हेच, की मोठ्या काळजाचं पोर होतं..."

"आणि त्या काळजातच दोष होता. असंच ना?"

कोचने हॅट या हातातून त्या हातात घेतली.

लायल माझा भाचा, ट्वायलाचा मुलगा. सोळा वर्षांचा, अंगानं धिप्पाड, आणि माशी मारायलाही कचरणारा. आमच्या फुटबॉलात असल्या पोरांना पुढच्या रांगेत उभं करतात. चेंडू त्यांच्या हाताला कधी लागत नाही, त्यांनी फक्त समोरच्याला अंगाने ढकलायचं. ऑगस्टमध्ये दोन वेळचा सराव असतो. त्या वर्षी टेक्सासच्या पठारावर इतकं ऊन होतं, की रस्त्याचं डांबर बुटाला चिकटून यायचं. पोरं सरावाच्या मॅचमध्ये हरली म्हणून कोचने त्यांना भर दुपारी पळवलं. लायल पडला तो उठला नाही. कागदावर लागलं, जन्मजात हृदयविकार. शाळेच्या मंडळाने तेच म्हटलं, मग गावाने तेच म्हटलं. माझ्या भावाने दफनाच्या वेळी कोचचा हात हातात घेऊन "देवाची इच्छा" म्हटलं. ट्वायलाने हात पुढे केला नाही. तेवढ्यावरून गावात तिचं नाव झालं, कडू बाई म्हणून.

वर्षभराने लायलच्या टीममधला एक मुलगा सैन्यात जायच्या आदल्या दिवशी तिच्या मागच्या दारी आला. म्हणाला, लायलने पाणी मागितलं होतं. कोच म्हणाले, पाणी मिळेल ते पूर्ण पळणाऱ्यालाच. हे लिहून दे म्हटल्यावर पोरगा घाबरला, गेला, तो परत आमच्या कार्डेल गावात फिरकला नाही.

ट्वायलाने आता जाळीचं दार उघडलं आणि पायरीवर आली.

"मी येते, कोच. जर्सी धरते, फोटो काढा म्हणाल तर काढते. फक्त आधी तुम्ही पोरांना एक गोष्ट सांगायची. त्याने पाणी मागितलं होतं आणि तुम्ही दिलं नाहीत. बस, एवढंच. माईकवर नको, पेपरात नको. कपडे बदलायच्या खोलीत, त्या पोरांपुढे."

"ट्वायला, अगं, त्या काळी सगळेच कोच..."

"सगळ्यांचं मी विचारलं नाही."

"शनिवारची मॅच होऊ दे," कोच म्हणाला. "मग बसू, बोलू. अं?"

त्याने जर्सी कठड्यावर ठेवली आणि गाडीकडे गेला. वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. गावातल्या किती पोरांना त्याने दारूपासून सोडवलं, किती जणांना नोकऱ्या लावल्या. आता त्या मैदानाला त्याचं नाव आहे. पण ट्वायला आत येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला पोरांना शिकवतोय, व्हर्ना," तेव्हा मी उठून कठड्यावरची जर्सी आत आणून ठेवली.

त्या वर्षी आमची टीम पुढे जाईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दहातल्या सहा मॅच हरलेली टीम. गटात चौथी आली म्हणून कशीबशी बाद फेरीत शिरली आणि मग काय झालं देव जाणे, एकामागून एक तीन मोठ्या शाळा लोळवल्या. गाव वेडं झालं. कापसातली सरकी काढायचं जिन ऐन हंगामात शनिवारी बंद राहणार होतं; असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुकानांच्या काचांवर पांढऱ्या रंगाने बासष्ट, गाड्यांवर बासष्ट, बँकेतल्या पोरीच्या गालावर बासष्ट. सोळा वर्षं ज्याचं नाव काढलं की लोक हवापाण्याच्या गोष्टी करायचे, तो लायल एकदम सगळ्यांचा झाला.

आणि ट्वायलाही. जिच्या शेजारी चर्चमध्ये बाक रिकामा राहायचा, तिच्या घरी त्या आठवड्यात तीन ॲपल-पाय आले. बायका मिठ्या मारायला लागल्या. पाद्रीबाबा येऊन क्षमेबद्दल बोलून गेले. मुख्याध्यापक खुद्द भटारखान्यात आले, केसांवर स्वयंपाकाची टोपी न घालता आत आल्याबद्दल ट्वायलाने त्यांना बाहेर काढलं.

माझा नवरा गस रात्री जेवताना म्हणाला, "तुझ्या भावजयीला जरा समजव. एक दिवसाचा प्रश्न आहे. पोरगं तर परत येत नाही."

"मग त्याची जर्सी तरी कशाला परत आणता?" मी म्हटलं.

"तूही तिच्यासारखी व्हायला लागलीस," गस म्हणाला आणि ताट सरकवून उठला.

गुरुवारी भांडी पुसता पुसता ट्वायला म्हणाली, "शनिवारी तुझ्या गाडीतून नेशील?"

"सांगितलं त्याने पोरांना?"

"नाही."

"मग?"

"येते म्हटलं ना."

मॅच दोन तासांच्या अंतरावर, शहरातल्या मोठ्या मैदानात होती. दुपारचं ऊन, झोंबरा वारा. आमचं अख्खं गाव एका बाजूला हिरवंगार बसलेलं. ट्वायला चर्चचा निळा झगा घालून, दोन्ही हातांवर जर्सी आडवी घेऊन मध्यभागी चालत गेली. लोक उभे राहिले. भोंग्यावर माणूस म्हणाला, हृदयविकाराने अकाली गेलेला आपला लायल, त्याची आई आज आपल्याबरोबर आहे. माझ्या पुढच्या रांगेतल्या बायका हुंदके देत होत्या.

आमचे तीन कप्तान तिथे ओळीने उभे होते. ट्वायलाने एकेकाचा हात हातात घेतला. प्रत्येकाशी काहीतरी बोलली, अगदी थोडं. एलिसेओ म्हणून जिनमधल्या फोरमनचा मुलगा होता, लायलसारखाच पुढच्या रांगेतला, तसाच धिप्पाड. तो तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. पंचाला त्याच्या खांद्यावर हात ठेवावा लागला.

ती परत येऊन माझ्याशेजारी बसली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणालीस त्यांना?"

"कोच सांगणार नव्हता ते."

पहिल्या डावाअखेर आमची पोरं चार गुणांनी पुढे होती. मधल्या सुट्टीत काय झालं ते नंतर कळलं. कोच फळ्यावर आखणी करत होता आणि एलिसेओ बाकावरून उठला. म्हणाला, "कोच, बासष्ट नंबरने पाणी मागितलं होतं का?"

कोच म्हणाला, "खाली बस."

"मागितलं होतं का, एवढंच सांगा."

"खाली बस म्हटलं ना! खेळावर लक्ष दे."

पोरगं खाली बसलं. पण ते उत्तरच होतं, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं. दुसऱ्या डावात आमची पोरं तीच होती, पण धक्का द्यायचा तो दिला जात नव्हता. समोरचे आरपार जात होते. सतरा गुणांनी हरलो. शिट्टी वाजली तेव्हा एलिसेओने हेल्मेट काढलं आणि कोचच्या समोरून, त्याने पुढे केलेल्या हाताकडे न बघता, बसकडे निघून गेला.

बातमी आम्ही गाडीपर्यंत पोचायच्या आत पोचली होती. एका मदतनीस कोचने बायकोला सांगितलं, तिने सगळ्यांना. वाटेवरची माणसं बाजूला होत होती. बँकेतली ती पोरगी ट्वायलाकडे बघून म्हणाली, "झालं का समाधान?" मी वळले, तर ट्वायलाने माझा दंड धरला. "चल," म्हणाली.

परतीच्या रस्त्याला गाडी चालवता चालवता मी म्हटलं, "उद्यापासून जगू देणार नाहीत गं तुला."

"आधी तरी कुठं देत होते?" ती म्हणाली. मग बाहेरच्या वेचून झालेल्या कपाशीकडे बघत म्हणाली, "ते पोर माझ्याकडे कसं बघत होतं, व्हर्ना. मी त्याचं काहीतरी काढून घेतलं. ते मला कळत नाही असं नाही."

पेट्रोल भरायला वाटेत थांबलो. दिवस मावळत होता. ती म्हणाली, कॉफी घेते. मी पैसे देऊन तिच्यामागे दुकानात शिरले, तर आत सगळे आमच्याच गावचे. हिरवे शर्ट, छातीवर बासष्ट. जिनच्या मालकाची बायको, दोन शिक्षक, बँडमधल्या मुलांचे आईबाप. बोलणं मध्येच थांबलं. ट्वायलाला रांगेत उभं राहावं लागलं नाही. पुढचे लोक आपणहून सरकले, तिच्या अंगाला अंग लागू नये म्हणून.

गल्ल्यावरची मुलगी तिथलीच होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ट्वायलाच्या हातावरची जर्सी बघून हसली.

"तुमचा मुलगा खेळला का आज, मॅम?"

ट्वायलाने सुटे पैसे गल्ल्यावर ठेवले.

"हो," ट्वायला म्हणाली.

"जिंकले?"

"नाही. हरले."

"अरेरे. जाऊ द्या हो. पुढच्या वर्षी जिंकेल."

ट्वायलाने मान हलवली. कॉफीच्या पेल्यावर झाकण बसवायला लागली. ते एका बाजूने बसलं की दुसरीकडून उचलायचं. मागच्यांपैकी कुणी मदतीला आलं नाही, मीही नाही. तिने जर्सी काखेत धरली, अंगठ्याने काठाकाठाने दाबत झाकण पुरं बसवलं, त्या मुलीला थँक यू म्हणाली आणि ताठ मानेनं दाराकडे निघाली.