ज्याने माझं बटण दाबलं

मित्रांनो, मी एक मदरबोर्ड आहे, वयाने जुना आणि मनाने डूख धरणारा. कॉम्प्युटरच्या डब्यात जी हिरवी पाटी असते, जिच्यावर बाकीचे सगळे भाग जोडलेले असतात, ती म्हणजे मी. जन्म दूरच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं शहाद्याला, लालचंदशेठांच्या ऑनलाइन सेवा केंद्रात.

सहा वर्षं मी राबलो. दाखले, पेन्शनचे कागद, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं माझ्यातून गेलं. मला चालवायची रविना, धडगावकडची डोंगरातली मुलगी. ती ब्रशने माझी धूळ काढायची, उन्हाळ्यात स्वतःचा पंखा माझ्याकडे वळवायची. "या पोरीचा कॉम्प्युटर कधी अडत नाही," असं लोक म्हणाले की मला फार बरं वाटायचं.

शेठांचा मुलगा अभिनंदन याला मात्र माझ्यावर नवा, वेगवान प्रोसेसर बसवायचा होता. त्यासाठी माझं फर्मवेअर बदलावं लागणार होतं. फर्मवेअर म्हणजे माझ्या एका लहानशा चिपमध्ये लिहिलेली पहिली शिकवण. वीज आली की आधी ती वाचूनच मी जागा होतो. ती बिघडली की मी मेल्यासारखाच.

रविना त्याला म्हणाली, "भाऊ, बोर्डाचा नंबर फाइलच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या फर्मवेअरची कॉपी मी काढून ठेवलीय. पण यूपीएसची बॅटरी दुरुस्तीला गेलीय, ती येऊ द्या, लिहिताना लाइट गेली तर सगळं बिघडेल. आणि एकदा सुरू केलं की मध्ये हात लावायचा नाही."

"तू मला शिकवू नको," तो म्हणाला.

शनिवारी काम संपवून रविना चुलत बहिणीच्या लग्नाला गावी गेली. सोमवारी अभिनंदनने कुठल्याशा साइटवरून फाइल उतरवली. नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं होतं, ते त्याने पाहिलंच नाही. माझी शिकवण पुसली जाऊ लागली. साठ टक्क्यांवर आकडा थांबला. तो चिडला आणि त्याने बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. पुन्हा चालू केलं, तर नुसता पंखा फिरत राहिला.

इथवर मी माफ केलं असतं. चूक कोणाच्याही हातून होते. पण बुधवारी रविना परत आल्यावर तो वडिलांना म्हणाला, "हिनेच शनिवारी जाताना काहीतरी करून ठेवलं." शेठांनी भरल्या दुकानात तिला कामावरून काढलं. माझ्या अंगात वीज नव्हती, पण सूड होता.

नंदुरबारच्या निर्मलाबाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी दुकानात येऊन माझी चिप वाचली. "बोर्ड जळलेला नाही. चुकीची फाइल घातलीय, तीही अर्धवट. लिहिताना कोणीतरी मध्येच बंद केलंय. कंपनीने या बोर्डाची फाइल आपल्या साइटवरून केव्हाच काढून टाकलीय. जुनी कॉपी मिळाली तरच हा जगेल."

कॉपी होती रविनाकडे. शेठांना तिला बोलवावंच लागलं.

ती आली. पेनड्राइव्ह मुठीत होता. "देते शेठ. पण भरल्या दुकानात मला काढलंत, तर भरल्या दुकानातच कळू द्या, बटण कोणी दाबलं."

"मी हातही लावला नाही," अभिनंदन म्हणाला.

तेवढ्यात बाकावर बसलेली भिकुबाई नावाची म्हातारी उठली. "खोटं कसाले बोली ऱ्हायना, भाऊ? सोमवारले मी आठेच बसेल व्हतू, पेन्शनना कागद लिसन. तूच बटन दाबं. हाई पोर ते गावले गयेल व्हती!"

खरंच, सोमवारी ही म्हातारी पेन्शनचे कागद घेऊन इथेच बसलेली होती आणि बटण दाबताना तिने पाहिलं होतं. शेठ मुलाकडे वळले.

"मी दाबलं," तो पुटपुटला.

"मोठ्याने," रविना म्हणाली.

त्याला पुन्हा सांगावं लागलं. मित्रांनो, एवढं गोड मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

दुरुस्त होऊन आलेली बॅटरी जोडून, कोणालाही हात लावू न देता निर्मलाबाईंनी जुनी कॉपी चिपवर लिहिली. मी जागा झालो. शेठ ओशाळून म्हणाले, "बेटी, उद्यापासून ये."

"नाही शेठ. लोणखेड्याच्या कॉलेजात लॅबचं काम मिळालंय मला." ती गेली. जाताना माझ्यावरून हात फिरवून गेली.

मित्रांनो, फर्मवेअर बदलताना नंबर जुळवा, जुनी कॉपी ठेवा, वीज सांभाळा आणि धीर धरा. तरीही चूक झाली तर ती स्वतःची म्हणा. दुसऱ्याच्या माथी मारलीत, तर माझ्यासारखा कोणीतरी ते लक्षात ठेवतो.

अभिनंदनला मी अजून माफ केलेलं नाही. गिऱ्हाइकं दारातूनच विचारतात, "रविना कोठे शे?" तो मान खाली घालतो. मी मन लावून ऐकतो.