उडत्या भावाची भाऊबीज

छप्पन सालच्या दिवाळीत आमचं इचोडा बसल्या जागी हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात गेलं, आणि माझा थोरला भाऊ उद्धव विमानानं लंडनला निघाला. मोठी माणसं राज्याचं बोलत. मी मात्र आबांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विमानाचं सांगत सुटले होते. बैलगाडीनं निर्मल गाठायचं तर आमचा अख्खा दिवस जाई. मुंबईहून लंडन साडेचार हजार मैल, आणि भाऊ तिथं सव्वीस तासांत पोचणार होता.

एकच अडचण होती. आजवर माझी एकही भाऊबीज चुकली नव्हती. यंदा रिकाम्या पाटाला ओवाळीन, असं मी तुळजाआत्याला सांगितलं. ती आबांची बहीण. सणावाराला घरात तिचाच शब्द चाले.

"ओवाळ," ती म्हणाली, "पण त्याचे पाय भुईला लागल्यावर. अधांतरी माणसाला ओवाळत नाहीत."

"पाडव्याच्या संध्याकाळी उडते तो. बीजेला चार वाजता उतरते."

"मंग दिवे लागल्यावर खुशाल ओवाळ."

बीजेच्या दिवशी दुकानातल्या घड्याळात चार वाजले आणि मी नाचतच घरात आले. भाऊ उतरला होता. अंगणात रांगोळी काढली, पाट मांडला, त्यावर भावाची टोपी ठेवली. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी घेतली. दिवेलागणीला आबा दुकान बंद करून आले.

"आत्ताच काऊन मांडून राह्यली पोरी?"

"भाऊ उतरला ना चारला."

"ते लंडनचे चार. तिथलं घड्याळ आपल्याहून साडेपाच तास मागं. तो उतरंल तवा इथं साडेनऊ होतील."

"मंग आता कुठं हाय तो?"

"आभाळात."

आत्यानं माझ्या हातातलं तबक काढून घेतलं. "गाव न हलता आंध्रात गेलं, अन् हा इतका उडून अजून पोचला नाही. साडेनऊला ओवाळ."

"तवर चंद्र बुडते, आत्या." आमच्यात आधी बीजेचा चंद्र ओवाळायचा आणि त्या चंद्रासमोरच भाऊ. मी रडायच्या बेतात होते.

तेवढ्यात शेजारच्या सोजरबाई निरांजन घेऊन आल्या. त्यांना भाऊ नव्हता. दर बीजेला त्या आमच्या अंगणातून चंद्रालाच भाऊ मानून ओवाळत. त्यांनी पदर सावरला, चंद्रकोरीकडं पाहत ओवाळलं. मी बघत राहिले.

"आत्या, सोजरबाईच्या भावाचे पाय कुठं टेकलेत?"

सोजरबाई हसायला लागल्या. "माहा भाऊ तं जनमभर अधांतरीच हाय, तुळजाबाई. काय वंगाळ झालं त्याचं?"

आत्यानं चंद्राकडं पाहिलं, रिकाम्या पाटाकडं पाहिलं. मग निरांजनात तूप घातलं, वात पुढं सारली आणि तबक माझ्या हातात दिलं.

"मावळतीकडं तोंड कर. तिकडंच गेला ना?"

मी पाट सोडून अंगणाच्या कडेला धावले आणि चंद्राखाली तबक धरलं.

"उंच धर की जरा," आत्या मागून म्हणाली. "लई वर असंल तो."