वनमालावहिनींच्या छतातली रेघ

केयूरने छिन्नी टेकवून हातोडीचा हलका ठोका दिला, तसा छताच्या प्लास्टरचा एक मोठा पापुद्रा सुटून खाली अंथरलेल्या जुन्या चादरीवर पडला. स्टूल डुगडुगलं. नंदकुमारांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"काका, घट्ट धरा हां. आईला एकटाच आहे मी."

"धरलंय. तू तेवढी मुळं दिसतात का बघ."

"कसली मुळं?"

"वर गच्चीत कुंड्या होत्या. जास्वंद, कढीपत्ता, अनंत. मुळांनी वॉटरप्रूफिंग फोडलं, असं कमिटीचं मत आहे."

'कमिटीचं' म्हणताना नंदकुमारांचा आवाज थोडा खाली गेला. कुंड्या ज्यांच्या होत्या त्या वनमालावहिनी स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या पातेल्यात छतातून थेंब पडत होता. त्या मधूनच पुढे होऊन पातेलं सरकवत, थेंब बरोबर मध्ये पडतो की नाही ते बघत, आणि पुन्हा दारात जाऊन उभ्या राहत.

चारकोपची ही इमारत नवी उभी राहिल्यापासून सगळ्यात वरच्या मजल्यावरचं हे घर दर पावसाळ्यात गळत होतं. वॉटरप्रूफिंग दोनदा झालं. मग नंदकुमारांनी, म्हणजे सोसायटीच्या चेअरमननी, कुंड्या खाली उतरवायला लावल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "एकाच्या हौसेपायी इमारतीचं नुकसान होता कामा नये." दुसऱ्या दिवशी एकेक कुंडी कमरेवर घेऊन वहिनींनी खाली आणली. तरी गळती थांबली नाही. मुळं आत राहिली असतील, असं नंदकुमारांचं म्हणणं. एकदा इंजिनिअरच्या तोंडून ते निघालं की वाद मिटला, म्हणून त्यांनीच केयूरला बोलावलं होतं.

केयूरने बॅटरीचा उजेड आधी बीमवर मारला. हातोडीने ठिकठिकाणी वाजवून पाहिलं.

"बीम चांगला आहे. कधीकधी माल नीट दाबत नाहीत, मग मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहतात, आत हात जाईल एवढी. तसं इथे नाही. प्लास्टरवरच्या या बारीक चिरा सुकताना पडतात, त्यांचंही काही नाही." मग उजेड छतावर सरकला आणि एका जागी थांबला. "हे बघा, काका."

स्लॅबच्या उघड्या अंगावर एक रेघ होती. या भिंतीपासून त्या भिंतीकडे, थोडी वाकडी, पण सलग गेलेली. रेघेच्या अलीकडचं काँक्रीट वेगळं, पलीकडचं वेगळं. पाणी त्या रेघेतूनच पाझरत होतं.

"मुळं नाहीत," केयूर म्हणाला. "याला कोल्ड जॉइंट म्हणतात. अर्धा स्लॅब ओतला, मग काम थांबलं. ओतलेला माल घट्ट व्हायला लागला. मग उरलेला ओतला. दोन्ही एकजीव झालेच नाहीत. वरून कितीही औषध लावा, पाणी इथून वाट काढणारच."

"घावनाचं तसंच की," वहिनी दारातून म्हणाल्या. "मध्येच हात थांबला, की मागाहून घातलेलं पीठ नुसतं चिकटून बसतं. उचलायला गेलं की तिथेच तुटतं."

"एकदम बरोबर, काकू. माझं आता काही कामच राहिलं नाही." केयूर हसला. "कुंड्यांचा काही संबंध नाही यात. पण एवढा वेळ काम थांबलं कशाने? तुम्ही होतात का काका, स्लॅबच्या दिवशी?"

नंदकुमारांनी स्टुलावरचा हात काढला नव्हता. बोटांना प्लास्टरची पांढरी भुकटी लागली होती. ते तिच्याकडे बघत राहिले.

ते होते. सगळेच होते. शेवटचा स्लॅब म्हणून सोसायटीची माणसं नवे कपडे घालून वर आली होती. अर्धा स्लॅब झाला की नारळ फोडायचा, असं त्यांनीच ठरवलं होतं, फोटोत चालू काम दिसावं म्हणून. उन्हाळ्याचे दिवस होते. अर्ध्यावर आल्यावर काँक्रीट वर चढवणारा पंप थांबवला. ठेकेदार चंद्रप्रकाश घाम पुसत म्हणाला, "साहेब, लवकर करा. ऊन आहे, माल धरेल." तेव्हा पूजेचं ताट हातात घेऊन वनमालावहिनी पुढे झाल्या होत्या. त्यात कोणाला नवल वाटलं नव्हतं. या इमारतीसाठी सरकारी कचेऱ्यांचे खेटे घातले ते त्यांच्या नवऱ्याने, जयवंतने, आणि इमारत उभी राहायच्या आधीच तो गेला होता.

नंदकुमार तेव्हा हळूच म्हणाले होते, "वहिनी, जरा थांबा. मिहिर आणि स्वरदा निघालेत. मालाडपर्यंत आलेच आहेत."

एवढंच. अगदी आदराने. जोडप्याच्या हातून झालेलं बरं, हे त्यांनी तोंडाने म्हटलंसुद्धा नव्हतं. मग सगळे सावली शोधत उभे राहिले. खाली मिक्सर नुसते फिरत राहिले. चंद्रप्रकाश दोनदा येऊन गेला. नंदकुमारांचा मुलगा आणि सून आली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

"काका?" केयूरने खाली वाकून विचारलं.

"पंप बिघडला होता," नंदकुमार म्हणाले.

"वाटलंच. नाहीतर चालू स्लॅब कोण थांबवतो." केयूर खाली उतरला. "पंपवाल्यांचं नेहमीचंच आहे. दुसरा पंप हाताशी ठेवायला सांगितलं की ठेकेदाराच्या जिवावर येतं. बराच वेळ बंद होता का हो, काकू?"

नंदकुमारांनी मान वर केली नाही.

"बराच वेळ," वहिनी म्हणाल्या. "मी तिथेच होते ना. ताट घेऊन उभी होते."

केयूरने छताचे फोटो काढले. रेघेवर भोकं पाडून नळ्या बसवाव्या लागतील, त्यांतून सिमेंट दाबून भरावं लागेल, पाऊस उघडला की माणसं पाठवतो, असं सांगून तो निघाला. वहिनींनी चहाचं विचारलं. "पुढच्या वेळी घावनं खायलाच येतो," म्हणत तो लिफ्टमध्ये शिरला.

नंदकुमार मागे राहिले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी चादरीवरचे प्लास्टरचे तुकडे गोळा करायला घेतले.

"राहू द्या, भाऊजी. हात खराब होतील."

"वहिनी," ते म्हणाले. तुकडा हातातच राहिला. "तुम्ही का म्हणालात तसं?"

"कसं?"

"पंपाचं."

वहिनींनी चादरीची टोकं उचलून एकत्र धरली. "परक्या माणसासमोर घरचं कशाला काढायचं?"

नंदकुमारांनी हातातला तुकडा चादरीत टाकला.

"कुंड्या परत वर ठेवा तुम्ही," ते म्हणाले. "मी सांगतो सगळ्यांना."

"दिल्या हो मी. माझ्या भाचीने, मृणालिनीने, नेल्या बोरिवलीला. तिथे बाल्कनी आहे तिला." त्यांनी पातेलं उचलून पाणी मोरीत ओतलं आणि पुन्हा जागेवर आणून ठेवलं. "जास्वंदीला कळी आलीय म्हणाली परवा."

नंदकुमार बाहेर आले. लिफ्टचं बटण दाबणार, तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरच्या घरून पद्मजाचा, त्यांच्या बायकोचा होता.

"गेला ना तो इंजिनिअर? काय निघालं? कुंड्याच ना?"

"नाही."

"मग? ग्रुपवर सगळे विचारतायत. काय टाकू?"

मागे दार उघडंच होतं. आत झाडूचा आवाज येत होता. तो थांबला. वहिनी दाराशी आल्या नाहीत, त्यांनी दार लोटलंही नाही.

"अहो, ऐकताय ना? पंपाचं काहीतरी म्हणत होता तो खाली, वॉचमनशी. तसं लिहू?"

"पंप नव्हता बिघडला," नंदकुमार म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा आला, जिन्यात घुमला. "तुला आठवतं, स्लॅबच्या दिवशी आपण मिहिरची वाट बघत थांबलो होतो?"

"हो. त्याचं आता काय?"

"ताट वहिनींच्या हातात होतं, थांबवलं मी; त्यानेच स्लॅब गळतोय," ते म्हणाले. आत झाडू पुन्हा सुरू झाला, हळूहळू, मधल्या खोलीतून दाराच्या दिशेने.