बालबीनाच्या हातातली जागा

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. चेस्टनटच्या लाकडाची, वाफेवर वाकवलेल्या मुठीची आणि लोखंडी टोकाची. स्पेनमधल्या नवाराच्या डोंगरातल्या एका कारागिराने मला घडवलं आणि बालबीनाने मला बाजारातून घरी आणलं. त्यानंतर कित्येक वर्षं मी दुसऱ्या कोणाच्या हातात गेले नाही. तिच्याबरोबर भाजीच्या वाफ्यांवर गेले, शरदात झाडावरचे अक्रोड झोडपले, शेजाऱ्याच्या कुत्र्याला धाक दाखवला. तिचा नवरा गेला तेव्हा दफनभूमीतून परतताना तिने सगळा भार माझ्यावर टाकला होता. गावातले लोक म्हणत, "बालबीना, काठी मोठी गुणाची आहे हो तुझी." ते ऐकून मी ताठ व्हायचे. तशी मी ताठच असते म्हणा.

यंदा तिने सांतियागो या तीर्थाची पायी यात्रा धरली. चढउतार, चिखल, उन्हाने तापलेला रस्ता, सगळं आम्ही दोघींनी मिळून काढलं. तिचा कोणता पाय आधी दमणार हे मला तिच्या आधी कळायचं. सुखात होतो आम्ही. मग वाटेतल्या लोग्रोन्यो गावाच्या पुलावर कासिमिरो भेटला.

हा सारागोसा शहरातला निवृत्त बसचालक. "आयुष्यभर लोकांना बसने नेलं, आता मी पायीच जाणार. सांतियागोच्या आधी चाकावर चढलो तर नाव बदलेन," असं तो भेटेल त्याला सांगत सुटायचा. बालबीना दर वेळी हसायची. विनोद तोच, तरी हसायची. मला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता.

लिओनला आम्ही मठाच्या धर्मशाळेत उतरलो. तिथे यात्रेकरूला एकच रात्र राहता येतं, दुसरी मिळते ती आजाऱ्याला. सकाळी सिस्टर आउरेआ झाडू घेऊन दारात उभ्या होत्या.

"सिस्टर, माझा गुडघा धरलाय," बालबीना म्हणाली. "आजचा दिवस राहू द्या. हे कासिमिरो माझ्या सोबतीला थांबतील."

मी थक्क झाले. तिचा गुडघा ठणठणीत होता. मला नाही तर कोणाला ठाऊक असणार? मठात उभं राहून खोटं बोलली, आणि तेही त्या बसवाल्यापायी.

शहर बघायला बाहेर पडल्यावर तर कहर झाला. तिने मला छत्रीसारखं मनगटावर अडकवलं आणि त्याच्या दंडाला धरून चालू लागली. कॅथेड्रलमध्ये रंगीत काचांतून लाल-निळं ऊन फरशीवर पडलं होतं. सगळे माना वर करून बघत होते. मी मात्र त्याच्या बाहीत रुतलेली तिची बोटं बघत होते. नंतर जुन्या तटाच्या कडेने जाताना दोघं दिसेल त्या बाकावर बसायचे. इतक्या काय गप्पा मारायच्या असतात? माझा नुसता जळफळाट होत होता.

दुपारी जुन्या गल्लीतल्या एका बारमध्ये शिरलो. तिने मला खुर्चीच्या पाठीला टांगलं. दर पेल्यामागे एक बशी येत होती, कधी लसणाचं सूप, कधी मोर्सिया नावाचं काळं सॉसेज.

"मग आजारी बाई, गुडघा काय म्हणतो?" कासिमिरोने विचारलं.

"म्हणतो, अजून एक पेला घ्या."

तो हसला आणि पेला बाजूला सारला. "उद्या नाही जमलं तर स्टेशन जवळच आहे, बालबीनाबाई."

"स्टेशनचं नाव काढलंत तर ही मोर्सिया मी एकटी संपवीन."

म्हणजे हा तिला गाडीत बसवून सारागोसाला नेणार. मग माझी काय गरज? मी तशीच त्या खुर्चीला लटकत राहणार, आणि कोणीतरी माझ्यावर ओला फडका वाळत घालणार.

संध्याकाळी परतताना एका चौकात उतरत्या दगडी पायऱ्या लागल्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. दुसऱ्याच पायरीवर कासिमिरोचा पाय दुमडला. बालबीनाने सगळा जोर लावून त्याला वर ओढलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुडघा त्याचा होता. दिवसभर तीच त्याला धरून चालत होती.

"घ्या ही काठी," ती म्हणाली.

"मी काठी टेकू आणि तुम्ही मोकळ्या चाला? सारागोसात कळलं तर लोक हसतील."

"सारागोसा लांब आहे. गाडीत बसलात तर मात्र लगेच येईल."

त्याने निमूटपणे मला हातात घेतलं. परका हात, घामट आणि जड. त्याने अख्खा भार माझ्यावर टाकला. मित्रांनो, लोखंडी टोक आणि गुळगुळीत दगड. मी जराशी सरकले असते तर तो उद्या गाडीने घरी गेला असता, आणि मी पुन्हा तिच्या हातात. माझं टोक दगडावर किंचित करकरलंसुद्धा. पण तिने अजून त्याचा दंड सोडला नव्हता. तो पडला असता तर तीही पडली असती. मी दगडाची एक भेग पकडली आणि सोडली नाही.

दारात सिस्टर आउरेआंनी आधी मला बघितलं, मग त्याला. "बालबीना, गुडघा तुझा होता ना?"

"साथीचं दुखणं आहे, सिस्टर."

सिस्टर आत गेल्या. आतून बर्फाची पिशवी आणली आणि सरळ कासिमिरोच्या हातात दिली.

आता मी त्याच्याच हातात आहे आणि रोज थोडं थोडं चालते. तो मला दगडांवर आपटतो, गाणं म्हणत हवेत फिरवतो, कशाची म्हणून रीत नाही. बालबीना पुढे मोकळ्या हातांनी चालते आणि मधेच वळून बघते. कोणाकडे बघते, ते मला कळत नाही, आणि माझा जीव जळतो.

तुमच्या घरी एखादी काठी असेल तर तिला तेलाचा हात फिरवा, टोक झिजलं असेल तर बदला. कोणाला गरज लागली तर जरूर द्या. फक्त देताना तिला सांगा, की मी तुला परत न्यायला येईन. बालबीना एवढंच सांगायला विसरली.