प्रेस नंबर सातची जाळी

हो, मीच बोलतोय. पब्लिसिटी ऑफिसातल्या काचेच्या कपाटात पितळ घासूनपुसून ठेवलाय ना, तोच तो जुना लाकडी कॅमेरा. येणारे पाहुणे वाकून बघतात, "वा, काय अँटिक पीस आहे!" म्हणतात आणि चहाकडे वळतात. अँटिक म्हणे! मला सात वर्षं एक गोष्ट आतल्या आत जाळते आहे, ती कुणी विचारत नाही. म्हणून आज न विचारताच सांगतो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. अंग सागाचं, कोपरे पितळेचे, मधे कातड्याचा भाता आणि पुढे जर्मन भिंग. बासष्ट साली, चिंचवडला नुसती माळरानं होती तेव्हा, एका नव्या कंपनीने मला विकत घेतलं. खोक्यांतून पहिली मशिनं बाहेर निघाली त्यांचे फोटो माझेच.

मला हाताळायचे रहिमानचाचा, कंपनीचे फोटोग्राफर. बोलणं कमी, हात हलका. माझ्या पाठीमागच्या धुरकट काचेवर सगळं उलटं दिसतं, माणसं डोक्यावर उभी. पण चाचा काळ्या कापडात शिरले की त्यांना ते सुलटच वाटायचं, इतकी वर्षांची सवय.

त्र्याहत्तर साली त्यांच्या हाताखाली नंदकिशोर आला. ड्रॉइंग ऑफिसातला ड्राफ्ट्समन, वय सव्वीस, नोकरी टेंपररी, आणि फोटोग्राफीचं भलतंच वेड. पहिले दोन महिने त्याने माझा नुसता छळ मांडला. अंधाऱ्या खोलीत फिल्म उलटी भरायचा. पुढची झडप ओढायला विसरायचा आणि कोरी फिल्म धुवत बसायचा. एकदा तर त्याने मोठ्या साहेबांचा फोटो घेतला आणि त्याच फिल्मवर बॉयलरचाही घेतला. साहेबांच्या टकलातून अशी झकास चिमणी निघाली होती की चाचांना हसता हसता ठसका लागला.

"नंदू बेटा, साहेबांना बॉयलर केलास तू! वापरलेल्या फिल्मच्या झडपेची काळी बाजू बाहेर ठेवायची, कितीदा सांगू?" ते म्हणाले. मग त्याचं बोट धरून त्यांनी फिल्मच्या कोपऱ्यातली खाच दाखवली. "अंधारात डोळे काय कामाचे? हे बोटाला कळलं पाहिजे."

कळलं त्याला. पोरगा मेहनती होता. मला तो आवडायला लागला होता, खोटं कशाला सांगू?

माझी निगेटिव्ह चांगली पंज्याएवढी मोठी. तिच्यावर टोकदार पेन्सिलीने काम करता येतं. निगेटिव्हवर काळी रेघ मारली की फोटोत ती पांढरी उमटते. चेहऱ्यावरचा डाग, पुटकुळी अशीच घालवतात. नंदकिशोरची रेघ तर ड्राफ्ट्समनची! पण चाचांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पुटकुळीपुरतीच पेन्सिल. त्याच्यापुढे एक रेघ नाही."

चौऱ्याहत्तरच्या मार्चात चाचा मुलीच्या, झुलेखाच्या लग्नासाठी रजेवर गेले. त्याच आठवड्यात हुकूम आला की परदेशी पाहुण्यांसाठी पुस्तिका काढायची आहे, प्रेस नंबर सातचा फोटो हवा. नंदकिशोर मला घेऊन एकटाच पत्रा दाबणाऱ्या मशिनांच्या शॉपमध्ये गेला. स्वारीची छाती केवढी फुगली होती!

सातवर सयाजी होता, देहूकडचा. पत्रा आत सरकवायचा, पायाने पॅडल दाबायचं, प्रेस खाली येणार. हात आत जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी जाळी असते. ती दोन आठवडे भिंतीला टेकवून ठेवली होती. जाळी नसली की हात भराभर चालतो, म्हणून फोरमन उद्धवरावांनीच ती काढायला लावली होती.

"साहेब, तुमी तरी फोरमनला सांगा की," सयाजी माझ्याकडे बघत म्हणाला. "जाळी बसवा म्हनावं. आमाला भ्या वाटतं वो."

"हलू नका, हलू नका!" कापडातून नंदकिशोर ओरडला. त्याचं सगळं लक्ष सेकंद मोजण्यात.

निगेटिव्ह उतरली मात्र सुंदर. पत्र्यावरचा तेलाचा थेंब न् थेंब मोजून घ्यावा इतकी स्वच्छ. आणि तिच्यात भिंतीला टेकलेली जाळीही तितकीच स्वच्छ. उद्धवरावांनी कपाळाला हात लावला. "अरे, पाहुणे काय म्हणतील? आणि फोटोसाठी मशिन थांबवून जाळी चढवायला मला वेळ नाही. तू ड्राफ्ट्समन ना? मग मशिनवर पेन्सिलीने काढ की जाळी!"

आणि या शहाण्याने काढली. दोन दिवस भिंगाखाली मान घालून एकेक गज आखला, त्यांची सावलीसुद्धा सोडली नाही. भिंतीजवळची खरी जाळी निगेटिव्हवर लाल रंगाने झाकून टाकली, म्हणजे फोटोत तिथे नुसती पांढरी भिंत. खालच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात तारीख घातली. चाचा रजेवरून आले, फोटो हातात घेऊन म्हणाले, "अरे वा, जाळी बसवली वाटतं?" नंदकिशोर पोट धरून हसला. गुरूला फसवलं म्हणून खूश! चाचांचा चेहरा उतरला. "पुसून टाक हे," ते म्हणाले. "चाचा, पुस्तिका छापायलासुद्धा गेली," तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी पहिल्या शिफ्टला सयाजीच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. अंगठा तेवढा राहिला.

चौकशी बसली. कंपनीचं म्हणणं, जाळी होती, सयाजीने आपल्या मनाने काढली. पुरावा काय? तर फोटो. तारखेसकट. सयाजी शपथा घेत होता, पण कोण ऐकतंय? सातवरचे बाकीचे कामगार उद्धवरावांच्या धाकाने मूग गिळून बसले होते.

नंदकिशोरच्या साक्षीच्या आदल्या दिवशी चाचांनी त्याला डार्करूममध्ये गाठलं. "स्पिरिटचा बोळा फिरव, दोन मिनिटांत तुझी जाळी निघून येईल. निगेटिव्ह घे आणि चौकशीच्या साहेबांसमोर ठेव."

"चाचा, पुढच्या महिन्यात मी परमनंट होणार आहे. घरी आई आहे, बहिणीचं, पद्माचं लग्न व्हायचंय."

"त्यालाही घर आहे, बेटा."

"तुम्ही सांगू नका हो चाचा. पाया पडतो." आणि तो खरोखर पाया पडला.

चाचांनी त्याला धरून उठवलं. "मी सांगणार नाही," ते म्हणाले. "रेघ तुझी आहे. तूच सांगायचं." अहो चाचा, कसली ही तुमची भलमनसाई! तुम्ही बोलला असता तर? शिष्याची लाज राखलीत आणि त्या बिचाऱ्याचं वाटोळं केलंत. मी तुम्हाला हे कधीही माफ करणार नाही.

कागदपत्रांचे फोटो हवे म्हणून चौकशीच्या खोलीत मलाही नेलं होतं. साहेबांनी नंदकिशोरला विचारलं, "हा फोटो तुम्ही काढलात?" हो. "याच तारखेला?" हो. "प्रेस नंबर सातचाच?" हो. तीनही उत्तरं खरी! जाळीचं कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मी तिथेच तिपाईवर उभा होतो. माझ्या भिंगात सयाजीचा बँडेज बांधलेला हात आणि नंदकिशोरची खाली घातलेली मान, दोन्ही होतं. पण मला तोंड कुठे आहे?

सयाजीला कामावरून काढलं. नंदकिशोर परमनंट झाला. चाचा वर्षभराने निवृत्त झाले, शेवटच्या दिवशी त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही. पुढे छोटे कॅमेरे आले आणि नंदकिशोर साहेबांनी मला या कपाटात शोभेला बसवलं.

परवा, एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर, सयाजी ऑफिसात आला. केस पांढरे. काळेवाडीत कुठेशी राखणदारी करतो म्हणाला. कामाचा जुना दाखला हवा होता, त्यासाठी ओळखीच्या साहेबांनी शब्द टाकावा म्हणून आला होता. साहेबांनी घाईघाईने चहा मागवला. भिंतीवर सातचा तोच फोटो फ्रेममध्ये लावलाय. सयाजी त्याच्यासमोर उभा राहिला आणि अंगठ्याने जाळीचा एकेक गज चाचपू लागला.

"साहेब, एक इचारू का? लई दिस डोक्यात हाय. मला तर पक्कं आठवतंय, जाळी भितीला लावल्याली. पण तुमी तिथं हुता. तुमी तुमच्या डोळ्यांनी बघितली का, मशिनीवर?"

अरे बोल! आता तरी बोल! आता तुझी नोकरी कोण खातंय?

"फोटोत आहे ना, सयाजीराव," नंदकिशोर म्हणाला.

सयाजीने मान डोलावली. "व्हय. फोटू कशापायी खोटं बोलंल? मग मीच काढली आसंल. बायकूला सात वर्सं खोटंच सांगत आलो म्हनायचं. आज घरी जाऊन तिला सांगतो, माजीच चूक हुती." अख्खा पंजा आणि एक अंगठा जोडून त्याने नमस्कार केला आणि तो गेला.

मला तोंड नाही, पाय नाहीत. तुम्हाला आहेत. उद्या मला भंगारात घाला, फोडून चुलीत घाला, माझी तक्रार नाही. पण कुणीतरी काळेवाडीला जा हो. सयाजीला आणि त्याच्या बायकोला गाठा आणि सांगा, बाबा, तुझी आठवण खरी आहे, जाळी भिंतीलाच होती.