दगडफुलाची तीट

मनकर्णेने हातोडा उगारला आणि तसाच खाली ठेवला. समोरचा दगड तिच्या ओळखीचा होता.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. तिसगावजवळच्या दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. त्यांच्यापुढे आजूबाजूच्या माळांवरचे दगड आणून ओतले जात. दगडासारखा दगड, त्याला कोण ओळखणार? पण याच्या पाठीवर पंजाएवढं पांढुरकं दगडफूल होतं. मसाल्यात पडतं ते नव्हे, त्याचा गरीब भाऊबंद. खरवडलं तरी दगड सोडत नाही. आणि त्या पांढऱ्यावर, एका कडेला, काळा ठिपका.

मनकर्णेची मुलगी बारशाआधीच गेली. तान्ह्या लेकरांना पुरतात तसं तिला माळावर पुरलं, आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून सासऱ्याने वर हा दगड ठेवला. पोरीला नाव नव्हतं, त्यामुळे आठवायला तेवढा दगडच होता. शेतावर जाता-येता मनकर्णा वाट वाकडी करून तो बघून यायची. आपण तीट लावायला विसरलो म्हणून दृष्ट लागली, हे तिच्या मनातून जात नव्हतं. मग एका पावसाळ्यानंतर पांढऱ्यावर काळं उगवलेलं दिसलं, आणि तिला फार बरं वाटलं. उशिरा का होईना, तीट लागली.

शेजारची साळूबाई मात्र फटकळ. "तीट कशाची? बुरशी हाय ती. दगडफुलावर जगती अन् त्यालाच खाती."

खरंच होतं ते. ठिपका दरवर्षी पसरत होता. पण मनकर्णेने तिच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला होता.

आज तीच साळूबाई पदर खोचून मुकादमाकडे गेली. "पुंजाराम, ह्यो येक दगुड तिला नेऊ दे."

"सरकारी काम हाय, मावशे. आज येक दिला तर उद्या समदे घरं बांधत्याल."

"घर न्हाई बांधायचं. लेकरावरचा हाय त्यो."

पुंजारामने हजेरीची वही खाली ठेवली. मग त्यानेच दगड उचलून मनकर्णेच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवला. "दिस मावळायच्या आत ठिवून या, वहिनी."

पोरीची जागा बाभळीच्या अलीकडे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बाभूळ सरपणात गेली होती आणि माळ सगळा उपसलेला. जिकडेतिकडे दगड निघाल्याचे खळगे. एका खळग्यात तिने दगड ठेवून पाहिला, बसला नाही. दुसऱ्यात बसला. तिसऱ्यातही बसला. तेव्हा मात्र तिला रडू आवरेना. इतकी वर्षं लेक नव्हती, पण कुठे आहे ते तरी माहीत होतं.

साळूबाई रस्त्यावर वाट बघत थांबली होती.

"ठिवला का गं?"

"जागा न्हाई घावली," मनकर्णा म्हणाली आणि दगड दुसऱ्या कडेवर घेतला.